आखाजीचा मुक्काम

भिकुबाईनं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि एक रंगीत कागद हिलालच्या ताटाशेजारी ठेवला. कागदावर निळं पाणी होतं, पाण्यापलीकडे डोंगराची रांग होती आणि अलीकडे हिरव्या गवतावर पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. हिलालनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला होता, तो तसाच हातात राहिला. डोंगर त्यानं ओळखला होता.

समोर जेवत बसलेल्या अभिमननं डाव्या हातानं कागद उचलला. तो धुळ्यातल्या एका शाळेत कारकून होता आणि घरात आलेलं कुठलंही लिखाण आधी त्याच्याकडेच जायचं. पिंपळनेरजवळच्या धरणाकाठी झालेल्या नव्या हॉटेलचं ते पत्रक होतं. वातानुकूलित खोल्या, नौकाविहार, प्रत्येक खोलीतून सरोवराचं दर्शन. खाली बारीक अक्षरात भाडं होतं. एका रात्रीचे अकराशे रुपये. ते वाचून अभिमन आधी हसला, मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"माय, हाई काय शे?"

"आखाजीले जावानं शे," भिकुबाई म्हणाली. "मी आनि तुना बाप. एक रात."

हिलालनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"पानी देखाले पैसा कसाले देवाना?" तो म्हणाला. "आपलं बठ्ठं तेच लई गयं."

त्यानंतर तो जेवला नाही. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसला.

घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. धरणात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला सोळा वर्षांनी कोर्टातून सुटला होता. फार नव्हता, पण होता, आणि भिकुबाईनं त्यातून स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. अभिमनला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणणंही पटत नव्हतं. अकराशे रुपयांत वणीच्या देवीला दोघं चार वेळा जाऊन येतील, असं तो म्हणाला. त्याची बायको प्रमिला म्हणाली की सासूबाईंना हौसच असेल तर नाशिकला चार दिवस राहावं, पंचवटी बघावी, गोदावरीत आंघोळ करावी. शाळेतले एक मास्तर दिवाळीच्या सुट्टीत त्या हॉटेलात राहून आले होते. अभिमननं त्यांना मुद्दाम विचारलं. पाण्याशिवाय तिथं काही नाही, मास्तरांनी सांगितलं. भाजीत नुसतं तेल, नोकर हिंदीत बोलतात आणि चहा मागितला तरी वेगळे पैसे. जायचं तर संध्याकाळी काठावरून पाणी बघून परत यावं, राहण्यात राम नाही.

"काठवर जाऊ देतस का?" भिकुबाईनं विचारलं.

नाही, ते अभिमनला कबूल करावं लागलं. हॉटेल ज्या टेकाडावर होतं त्याभोवती तारेचं कुंपण होतं आणि आत फक्त खोली घेणाऱ्यांनाच सोडत होते.

हे भिकुबाईला ठाऊक होतं. माघात पिंपळनेरला एका लग्नाला गेली असताना जेवणं झाल्यावर ती कुणाला न सांगता जीपमध्ये बसून त्या फाटकापर्यंत जाऊन आली होती. घटकाभर आत बसते आणि निघते, असं तिनं पहारेकऱ्याला सांगितलं होतं. माणूस बरा होता. मावशी, माझ्या हातात नाही, म्हणाला. तिचा पाय निघेना, तेव्हा त्यानं टेबलाच्या खणातून हा कागद काढून दिला आणि राहायला या, मग कुणी अडवणार नाही, असं सांगितलं. त्याला ते शक्य वाटलं नसावं. भिकुबाईनं मात्र कागदाची घडी करून ती कमरेच्या पिशवीत ठेवली होती.

चौथ्या दिवशी सकाळी हिलाल बाजार समितीत जायला निघाला. तिथं तो मापाडी होता. कापूस, भुईमूग, मिरची, जे येईल ते तोलायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. धोतराचा सोगा सावरत तो दारात थांबला आणि मागे न बघता मुलाला म्हणाला,

"अभिमन, फोन करी टाक त्या लोकेस्ले."

अभिमनला वाटलं, आईनं बापाचं मन वळवलं. पण दोघांत त्यावर एक शब्दही झाला नव्हता. झाला असता तर वेणूचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते त्या घरात तेहतीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

वेणू त्यांची पहिली लेक. अभिमनच्या आधीची. दीड वर्षाची असताना गोवरानं गेली. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. हिलाल आणि त्याचा थोरला भाऊ चिंधा तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून गावावरच्या टेकाडाकडे घेऊन गेले. बायकांनी तिकडे जायचं नव्हतं. भिकुबाईला दोघीतिघींनी उंबऱ्यातच धरून ठेवलं होतं. दोघे भाऊ चिंचेपाशी डावीकडे वळले आणि चढाला लागले, एवढंच तिनं पाहिलं. महिन्याभरानं तिनं नवऱ्याला जागा विचारली, तेव्हा सासू मध्येच म्हणाली की असलं विचारू नये, पुढच्या पोटाला बाधतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तरी शेतात निंदताना मान वर केली की टेकाड दिसायचं. सतरा वर्षं दिसलं. मग धरणाचं पाणी चढलं. बोरखिंडे गाव, चिंच, शेतं, मारुतीचं देऊळ, सगळं खाली गेलं. टेकाड तेवढं उघडं राहिलं. हिलालचं बिऱ्हाड धुळ्याला आलं. चिंधा दोन वर्षांत वारला. जागा माहीत असलेला माणूस आता एकच उरला होता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भिकुबाईनं सांजोऱ्या तळल्या. गल्लीत सासरी दिलेल्या लेकी माहेरी येऊ लागल्या होत्या. समोरच्या निंबाला झोका बांधला होता. प्रमिलाचं माहेर एरंडोलचं, ती मुलांना घेऊन सकाळीच गेली होती. अभिमननं दोघांना साक्रीच्या गाडीत बसवलं, पैसे भरल्याची पावती आईच्या हातात दिली आणि ती कुणाला दाखवायची ते दोनदा समजावून सांगितलं. गाडी हलली तेव्हा तो खिडकीपाशी आला.

"आबा, मायले नावमा बसाडा एकदा," तो म्हणाला. "त्याना येगळा पैसा नहीत."

हिलालनं मान हलवली.

दुपारी दोनच्या सुमाराला ते फाटकापाशी पोचले. पहारेकरी माघातला नव्हता, दुसरा होता. त्यानं पावती उलटसुलट करून पाहिली आणि आत जायला सांगितलं. आत काचेच्या दाराआड टाय लावलेला एक तरुण बसला होता. हिलालचं धोतर, भिकुबाईचं नऊवारी आणि तिच्या हातातली कापडी पिशवी बघून तो म्हणाला की कुणा नोकराला भेटायचं असेल तर मागच्या दारानं जा. भिकुबाईनं पावती पुढे केली. त्यानं ती वाचली, मोठी वही उघडून नाव पाहिलं आणि उठून उभा राहिला. मग त्यानं थंड सरबत मागवलं. ते कोकमाचं होतं. हिलाल ते प्यायला नाही.

खोली वरच्या मजल्यावर होती. खाली जाड गालिचा होता. त्यावर पाय ठेवायचा की नाही, हे न कळून भिकुबाई थोडा वेळ दारातच उभी राहिली. पाण्याकडची भिंत पूर्ण काचेची होती. उन्हाळ्यानं पाणी बरंच मागे हटलं होतं आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा दिसत होता. मध्ये एक पिवळी नाव फिरत होती. नावेतली माणसं एकमेकांवर पाणी उडवत होती.

"आपलं घर कोठे ऱ्हाई?" तिनं विचारलं.

हिलाल काचेजवळ गेला. त्यानं डोंगरातली खिंड पाहिली, डावीकडचा सुळका पाहिला आणि बोट उचललं.

"ती नाव शे ना. तिना खाले."

दोघं नाव पुढे सरकेपर्यंत बघत राहिले. मग भिकुबाईनं गालिच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवीतून भाकरी, ठेचा आणि कांदा काढला. ती दोन घास खाऊन थांबली. हिलाल मात्र सगळं सावकाश, चावून चावून खात राहिला. भाकरी संपल्यावरही तो वर्तमानपत्रावरचे कण वेचत बसला, तेव्हा तिनं विचारलं,

"जागा याद शे ना?"

"शे."

"मंग दखाडा माले."

ऊन थोडं कलल्यावर ते खाली उतरले. टेकाड आता टेकाड राहिलं नव्हतं. चढ कापून तीन पायऱ्यांसारखी सपाट मैदानं केली होती, त्यांवर गवत लावलं होतं आणि मधून फरशीच्या वाटा होत्या. खालच्या मैदानात पोहण्याचा हौद होता. निळ्या फरशीचा, गावाकडच्या कुठल्याही विहिरीपेक्षा मोठा. सुरतेकडचं एखादं कुटुंब असावं, पाचसहा मुलं त्यात ओरडत उड्या मारत होती. एक बाई काठावर बसून त्यांना गुजरातीत दटावत होती. वरच्या अंगाला एक काळा खडक तेवढा जुना होता. त्याच्यावर दिव्याचा खांब बसवला होता.

हिलाल त्या खडकापाशी गेला. खडकाला पाठ लावून त्यानं मावळतीची खिंड समोर धरली आणि चालायला लागला. त्याचे ओठ हलत होते. पंधरा वर्षं तोलाचे आकडे मोजलेला माणूस, तो पावलंही तशीच मोजत होता. भिकुबाई त्याच्यामागे चार हातांवर चालत होती. बोललं तर त्याची मोजणी चुकेल म्हणून तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. पायऱ्या उतरून तो खालच्या मैदानात आला. हौदाला वळसा घालून पुढे गेला. पार कुंपणापर्यंत गेला. तिथं गवत संपत होतं आणि कण्हेरीची दोनतीन झुडपं होती.

"आठे," तो म्हणाला.

भिकुबाई जमिनीकडे बघत राहिली. तिथं काहीच नव्हतं. वाळलेली पानं, मुंग्यांचं वारूळ, पाण्याच्या नळीचा तुटका तुकडा.

"आठेच का?"

"आठेच. मी सोता खंदेल शे. माले याद ऱ्हावाव नही का?"

मग ती खाली बसली. आधी तिनं पानं गोळा केली, नळीचा तुकडा उचलून कुंपणापलीकडे टाकला आणि तळहातानं माती सारखी केली. पिशवीतून केळीच्या पानात बांधलेल्या सांजोऱ्या काढून त्यातली एक मातीवर ठेवली. तिनं हिलालला विचारायला सुरुवात केली. तेहतीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते सगळं. खड्डा किती खोल होता. डोकं कुठल्या दिशेला केलं. अंगावरचं झबलं काढलं होतं की तसंच ठेवलं. वर दगड रचले होते का, कोल्हीकुत्री येतात म्हणून. हिलालनं एकेकाचं उत्तर दिलं. खड्डा कमरेएवढा होता. डोकं दक्षिणेला होतं. झबलं ठेवलं होतं. दगड चिंधानं आणले, अकरा दगड, मोठाले.

"चिंधाभाऊनं तिले धरेल व्हतं," तो म्हणाला. "मी खंदत व्हतू. तो म्हने, जड लागी ऱ्हायनी."

भिकुबाईनं मान हलवली. वेणू तशी अंगानं भरलेलीच होती. दाढा यायला लागल्या होत्या आणि गुळाचा खडा दिला की दिवसभर गालात धरून बसायची. हे ती हिलालला सांगत राहिली, जणू त्यानं लेकीला कधी पाहिलंच नव्हतं. तो कुंपणाच्या खांबाला टेकून ऐकत होता. त्यानं एकदाच तोंड फिरवलं आणि उपरण्यानं पुसलं. हौदावरची मुलं केव्हा निघून गेली ते तिला कळलं नाही. दिवे लागले, तेव्हा हिलालनं तिला हाताला धरून उठवलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण चारचौघांत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता.

पहाटे भिकुबाईला जाग आली ती हलकी होऊन. ती गालिच्यावरच झोपली होती. पलंग तिला सोसला नव्हता. बाहेर उजाडायला लागलं होतं आणि हिलाल खोलीत नव्हता. तोंडावर पाणी मारून ती काचेपाशी आली.

वरून सगळं टेकाड एका नजरेत दिसत होतं. हिलाल त्या काळ्या खडकापाशी उभा होता. ती बघत असतानाच तो चालू लागला. काल चालला होता तसाच, बेतानं, एकसारखी पावलं टाकत. पायऱ्या उतरला. हौदाच्या काठाशी येऊन थांबला. काही वेळ तसाच उभा राहिला, मग वळला आणि पुन्हा खडकापर्यंत गेला. तिथून निघून पुन्हा हौदाच्या काठाशीच येऊन थांबला. या वेळी तो परत गेला नाही. त्यानं पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, अनवाणी फरशीवर गेला आणि पाण्याशी उकिडवा बसला. ओल्या फरशीवर त्यानं तळहात टेकवला. हौदात निळं पाणी संथ होतं. तो बराच वेळ हात तसाच ठेवून बसला होता.

तेवढ्यात खालच्या एका खोलीचं दार उघडलं आणि आखूड चड्डीतला एक जाडसा गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. त्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला, हात पसरून अंग सैल केलं आणि हौदाच्या पलीकडच्या काठावर उभा राहिला. हिलाल घाईनं उठला. त्यानं हात वर केला. काही सांगायचं असल्यासारखा, थांबा म्हणत असल्यासारखा. त्या गृहस्थाला तो नमस्कार वाटला असावा. त्यानंही हसून हात वर केला आणि उडी मारली.

हिलालचा हात तसाच वर राहिला. पाणी फरशीवर, त्याच्या पायांवर येऊन आदळलं. गृहस्थ हौदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ पोहत गेला आणि परत यायला लागला, तेव्हा हिलालनं हात खाली घेतला, वहाणा उचलल्या आणि त्या हातातच घेऊन तो पायऱ्या चढू लागला.

भिकुबाईनं पडदा ओढला. काचेच्या भिंतीला तो पुरा पोचेपर्यंत ती ओढत राहिली. मग पलंगाच्या काठावर बसली. तिनं दोन्ही गुडघे घट्ट धरून ठेवले. जिन्यावर पावलं वाजली, तशी ती उठली आणि अंथरूण म्हणून घेतलेली चादर घडी करायला लागली.

हिलाल आत आला. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"कोठे गयथात?"

"असाच. पानी देखाले."

तिनं पिशवीतून कोरडं धोतर काढून दिलं. तो बदलत असताना तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि राहिलेल्या सांजोऱ्या मोजून पुन्हा बांधल्या. वाटलं तर त्याला आता विचारता आलं असतं. तो काय सांगेल, हेही तिला ठाऊक होतं. तो खडकाकडे बोट दाखवेल, पावलांचा आकडा सांगेल, झुडपाचं नाव सांगेल, हौदाचं काढणार नाही, आणि त्यातला एकेक शब्द उच्चारताना त्याला काय होईल तेही तिला दिसत होतं.

"गाडीले येळ शे," ती म्हणाली. "चला, तिले भेटी येऊत."

ते खाली उतरले. दारातून सरळ गेलं की पायऱ्या, पायऱ्यांखाली हौद आणि हौदापलीकडे कण्हेर. भिकुबाई सरळ गेली नाही. ती उजवीकडे वळली. स्वयंपाकघराच्या मागून, वाळत घातलेल्या चादरींच्या ओळींतून, कोळशाच्या ढिगाऱ्याजवळून एक कच्ची वाट कुंपणाकडे जात होती. ती लांबची होती आणि तिच्यात काटेही होते. हिलाल क्षणभर थांबला. मग तिच्यामागे चालू लागला.

कण्हेरीखाली कालची सांजोरी नव्हती. मुंग्यांनी तिचा चुरासुद्धा ठेवला नव्हता. भिकुबाईनं दुसरी ठेवली. रात्रीतून गळलेली पिवळी फुलं तिनं वेचली नाहीत, तशीच राहू दिली. हौदाकडून पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी अजून पोहत होतं. हिलाल कालच्यासारखा खांबाला टेकून उभा राहिला, तेव्हा तिनं बाजूच्या मातीवर हात थोपटला.

"तुम्ही भी बसा."

तो बसला. ऊन अजून कोवळं होतं आणि झुडपाची सावली दोघांना पुरत होती. भिकुबाई बोटांनी गवताची एकेक काडी मातीवरून बाजूला सारत राहिली.

"चांगली जागा देखी तुम्ही," ती म्हणाली.

हिलालनं तिच्याकडे पाहिलं. तिची मान खाली होती आणि हात माती सारखी करत होता.